हातभर अंतरावरून

गोल्फ खेळणाऱ्या बाईला कसली आली भीती, असं आमच्या रायपूरच्या समता कॉलनीतल्या काकू मला विचारतात. टोपी घालायची, गवतावर फिरायचं, कोणी अंगावर धावून येत नाही की काही नाही. मी हसते आणि विषय बदलते. खरं सांगायचं तर मी धंदेवाईक खेळाडू झाले तेव्हापासून रोज भ्यायलेली आहे. लांबच्या फटक्यांना नाही हं. तळं येऊ द्या, झाडं येऊ द्या, तिथे मी बिनधास्त मारते. माझा जीव जातो तो चेंडू भोकापासून हातभर अंतरावर असतो आणि नुसता ढकलायचा असतो तेव्हा. त्या टोल्याला आम्ही पट म्हणतो. शेंबडं पोरगंही घालेल असा पट. नेमका तिथेच माझा उजवा हात आपल्या मनाने झटका देतो आणि चेंडू भोकाच्या बाजूने निघून जातो.

बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते. साहेब लोकांसाठी तिथे एक लहानसं मैदान होतं आणि चौथा गडी कमी पडला की बाबांना बोलावणं यायचं. सोबत ते मलाही न्यायचे. भोकाभोवती मऊ गवत राखणं तिथे कोणाला झेपत नव्हतं, म्हणून वाळूत जळकं तेल कालवून पसरलेलं असायचं. घरी आले की आई माझे मोजे दाराबाहेरच काढायला लावायची.

त्या मैदानाचा एक रिवाज होता. चेंडू भोकाजवळ पोचला की समोरचा म्हणायचा, "उठा लो, दिया." म्हणजे पडलाच असं समजा, पुढे चला. मित्रामित्रांच्या खेळात हे सगळीकडेच चालतं. पण साहेबांमध्ये मी एकटी पोट्टी. त्यांनी मला कधी शेवटचा टोला मारूच दिला नाही. "उठा ले बेटा, दिया." बाबा तर स्वतः वाकून माझा चेंडू उचलायचे आणि माझ्या हातात ठेवायचे. लाडच होते ते, दुसरं काय! त्या लाडांनी माझं वाटोळं केलं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण स्पर्धेत कोणी काही देत नाही. धंदेवाईक झाल्यावर पहिल्याच दिवशी माझा चेंडू भोकाजवळ थांबला आणि मी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. 'दिया' म्हणणारं कोणी नव्हतं. तो पट मी चुकवला, आणि त्या दिवसापासून ही भीती जी मानगुटीवर बसली ती बसलीच. मी पकड बदलली, काठी बदलली, डोळे मिटून मारून पाहिलं. आईने ब्राह्मणपाऱ्यातल्या देवळात नवस बोलून पाहिला. काही उपयोग नाही.

यंदाची शेवटची स्पर्धा नव्या रायपूरच्या मोठ्या मैदानावर होती. तिथे निकाल बरा लागला तर पुढच्या वर्षी खेळायला मिळणार, नाहीतर माझं दुकान बंद. वय निघून चाललंय, पुन्हा खालून सुरुवात करायची ताकद माझ्यात नाही. अन् शेवटच्या दिवशी सकाळीच माझी बॅग उचलणाऱ्या कॅडीला ताप भरला.

"मी येतो न," बाबा म्हणाले.

बाबा जवळ असले की मला दुप्पट भीती वाटते, हे त्यांना कसं सांगू?

"या. पण बाबा, मी सांगितल्याशिवाय कशालेच हात लावू नका."

"मले शिकवून राहिली काय तू? तुले काठी कोणं धरायले लावली?"

दिवसभर मी जीव मुठीत धरून खेळले. बाबा ट्रॉली ओढत मागे मागे चालत होते. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मधे एकदा नुसती पाण्याची बाटली पुढे केली. लांबचे फटके देवाच्या कृपेने चांगले बसत गेले, म्हणून मला भोकाजवळ फार कसरत करावी लागली नाही.

शेवटच्या भोकावर पोचलो तेव्हा हिशेब अगदी साफ होता. पाच फटक्यांत आटोपलं तरी माझी जागा शाबूत. सहा झाले की गेली. तीन फटक्यांत माझा चेंडू भोकापासून हातभरावर येऊन थांबला. म्हणजे एकदा चुकले तरी चालणार होतं. दुसरी कोणी असती तर हसत हसत पुढे गेली असती. मी मात्र पुढचा हिशेब करत बसले. एकदा चुकले की पुन्हा तेवढाच पट उरणार, आणि माझ्या हाताचा काय भरवसा? मी काठी धरली तर ती थरथरायला लागली. थरथर दिसू नये म्हणून मी ती मांडीला टेकवून धरली.

बाबा भोकाजवळ उभे होते. झेंड्याची काठी त्यांनी काढून हातात धरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. मग वाकले आणि माझा चेंडू उचलला.

"झालं," ते म्हणाले.

अगं आई गं! सोबतच्या खेळाडूंनी तोंडावर हात ठेवले. पंचबाई आल्या, त्यांनी हळू आवाजात नियम सांगितला. नाण्याने खूण न करता चेंडू उचलला की एक फटका दंड, चेंडू होता तिथे परत ठेवा. म्हणजे माझे चार झाले. आता हा पट पडलाच पाहिजे.

मी चेंडू मागायला बाबांकडे गेले. त्यांनी मूठ उघडली नाही. मला एकेक बोट सोडवावं लागलं. चेहरा पांढराफटक पडला होता त्यांचा. बाबांना इतकं घाबरलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून माझं उरलंसुरलं अवसानही गळालं. मी चेंडू ठेवला. श्वास घेतला. मारला.

हाताने झटका दिला. चेंडू भोकाच्या कडेला लागून पलीकडे गेला. मग परतीचा पट मात्र मी सरळ घातला, हात जरासुद्धा हलला नाही. आता काय उपयोग त्याचा!

गाडी मी चालवत होते. मंदिर हसौदचा फाटा मागे पडला. मला वाटत होतं, जुन्या सवयीने झालं असेल त्यांच्या हातून. मीच म्हटलं, "जाऊ द्या बाबा. सवय असते माणसाले."

"सवयीनं नाही उचलला," बाबा म्हणाले. "नियम मले ठाऊक आहे. तुझे हात पाहिले अन् मले पाहवलं नाही. वाटलं, पुरे. किती भ्यायचं पोरीनं?" मग म्हणाले, "तुझ्या आईले सांगू नको न."

"हव, नाही सांगत," म्हटलं मी. राग आला होता, खूप आला होता. पण बाजूला बसलेला माणूस इतका म्हातारा दिसत होता की मला वेगळीच भीती वाटायला लागली. मी गाडीचा वेग कमी केला.

घरी आईने पाटवडीचा रस्सा केला होता. माझं तोंड पाहूनच ती समजली.

"काय झालं वं?"

"हातभराचा होता, आई. माझ्याच हातून गेला."

"अन् हे होते न सोबत? यायनं काही सांगितलं नाही काय तुले?"

"सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

बाबा बेसिनपाशी आमच्याकडे पाठ करून हात धूत होते. आईने ताटं वाढली, मी पाणी घेतलं, तरी ते धूतच होते. शेवटी आई ओरडली, "अहो, पाणी वाया जाऊन राहिलं, बंद करा न तो नळ."