हिरव्या ट्रंका, लाल फिती आणि सुखदेवची गाठ

विमानतळावर सामानाच्या काट्याशेजारी काही वर्षं उभं राहिलं की किस्से जमवावे लागत नाहीत. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचते तसे ते साचत जातात. माणूस तिकिटाच्या खिडकीशी कितीही रुबाब करो, स्वतःच्या ट्रंकेशी तो कसा वागतो ते पाहिलं की तो घरी कसा असेल ते कळतं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एका विमान कंपनीच्या सामान-काउंटरवर होतो. आमचे मुख्य बर्वे साहेब पुण्याचे. सगळं शिस्तीत हवं!

तेव्हा निम्मं नागपूर इतवारीतून ट्रंका घ्यायचं आणि इतवारीतले दुकानदार सगळ्या ट्रंकांना एकच हिरवा रंग द्यायचे. विमानातून सामान उतरलं की हिरव्या ट्रंकांची रांग लागायची आणि 'ही माझी', 'छे, ही माझी' सुरू! शेवटी बर्वे साहेबांनी पाटी लावली, 'आपल्या सामानावर ओळखीची खूण करावी.'

पाटीचा पहिला मान सावनेरच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींनी राखला. मुलाचं लग्न मुंबईला. बाकीचं वऱ्हाड रेल्वेने गेलं होतं, जवळची मंडळी हौसेने विमानाने निघाली होती. प्रत्येकाची ट्रंक हिरवी आणि प्रत्येक ट्रंकेला लाल फीत! सगळ्या फिती एकाच लांबीच्या, एकाच गाठीच्या.

मी म्हटलं, "शेठजी, यातली तुमची कोणती?"

"सगळ्या आमच्याच!"

"तसं नाही. मामांची कोणती, काकांची कोणती, हे कसं कळणार?"

शेठजींना माझा प्रश्न आवडला नाही. म्हणाले, "हे पाहा गा, घरच्या लोकाईत मी भेदभाव करत नाही!"

होल्डॉलची, म्हणजे अंथरूण गुंडाळून न्यायच्या कॅनव्हासच्या वळकटीची, गोष्ट वेगळी. ट्रंक प्रत्येकाची असे, होल्डॉल मात्र गल्लीत एकाचाच असे आणि प्रवासाला निघेल तो मागून नेई. आमच्या ओळखीचे एक ड्रॉइंग मास्तर शेजारच्या डॉक्टरांचा होल्डॉल घेऊन दिल्लीला गेले. त्यावर पांढऱ्या रंगात डॉक्टरांचं नाव, खाली पदवी. होल्डॉल चढवताना विमानातल्या कर्मचाऱ्याने ते वाचलं. झालं! अर्ध्या वाटेत एका प्रवाशाचा जीव घाबरा झाला, तेव्हा तो कर्मचारी थेट मास्तरांपाशी येऊन उभा राहिला.

परतल्यावर मास्तर मला सांगत होते. मी विचारलं, "मग तुम्ही सांगितलं ना, मी डॉक्टर नाही म्हणून?"

"कसं सांगू? होल्डॉल चोरीचा वाटला असता ना!"

"मग?"

"नाडी धरली. म्हटलं, खाली उतरलं की बरं वाटेल."

"अहो, आणि?"

"खाली उतरल्यावर बरं वाटलं ना त्याले!"

काही लोकांचा कुलपावर विश्वास नसे. इतवारीतले एक सराफ त्यातले. कुलूप लावून वर लाखेचं सील करायचे, सीलवर दुकानाचा शिक्का. त्यांचं म्हणणं, कुलूप उघडता येतं, लाख मोडली की कळतं. एकदा मे महिन्यात भर दुपारी त्यांची पेटी धावपट्टीच्या कडेला गाड्यावर ठेवली होती. विमान उशिरा आलं. नागपूरचं ऊन! लाख वितळली, ओघळली आणि सराफांची पेटी शेजारच्या एका मेजरच्या सुटकेसला पक्की चिकटली. मेजर एका बाजूने ओढताहेत, हमाल दुसऱ्या बाजूने. बर्वे साहेबांचा चेहरा लाखेसारखा लाल. सराफ मात्र शांत उभे.

"पाहा," ते मला म्हणाले, "नेता येऊन राहिली काय कोणाले?"

कुहीकडचं एक शेतकरी जोडपं असंच लक्षात राहिलं आहे. मुलगा दिल्लीला सरकारी नोकरीत, त्याने बापाला तिकीट पाठवलेलं. आई पोचवायला आली होती. पत्र्याची पेटी, तिला भलं थोरलं कुलूप. म्हातारबुवा विमानात चढले, दार लागलं, पंखे फिरायला लागले आणि माझं लक्ष आजींच्या पदराकडे गेलं. पदराच्या गाठीला किल्ली!

मी ओरडलो, "आजी, किल्ली तुमच्यापाशीच राहिली!"

"हो ना भाऊ. म्या देलीच नाही."

"अहो, ते पेटी उघडणार कशी?"

"पेटीत पोरासाठी लाडू हायेत," आजी शांतपणे म्हणाल्या. "यायच्या हाती किल्ली असती तं देल्लीले रिकामा डबा पोचला असता. दुसरी किल्ली पोरापाशी हाय."

सामान सुरक्षित ठेवण्याबद्दल मी नंतर पुष्कळ सूचना वाचल्या. याच्या वरताण एकही नाही.

आता सुखदेवचं सांगतो. सुखदेव आमच्याकडे सामान चढवायला होता. उमरेडचा, विणकरांच्या घरातला. हातमागाला काम राहिलं नाही तसा तो आणि त्याची बायको नागपूरला आले. नोकरी अजून कायम झालेली नव्हती आणि घर त्याच एका पगारावर. बोलायचा कमी. सामानाला लेबलं बांधायचं काम त्याच्याकडे असे. आमचं लेबल म्हणजे कापडी अस्तराचा जाड पुठ्ठा, त्याला सुतळी. इतरांनी बांधलेली लेबलं मुक्कामी पोचेपर्यंत गळून जात. सुखदेवची कधीच पडली नाहीत. मागावर तुटलेला धागा जोडतात तशी बारीक गाठ तो मारायचा, ओढून घट्ट करायचा आणि टोकं दातांनी तोडायचा.

यात वाईट काय? एकच. त्या काळी विमानाने जाऊन आलेला माणूस ते लेबल काढतच नसे! सहा-सहा महिने ट्रंकेवर मिरवायचा. पाव्हण्यांना दिसायला नको?

अशीच मिरवून आलेली एका प्राध्यापकांची ट्रंक. कलकत्त्याचं जुनं लेबल वर, मद्रासचं नवं खाली. दोन्ही सुखदेवच्या हातची, दोन्ही ठणठणीत; नवं बांधताना जुनं काढायचं राहूनच गेलं होतं. शेजारीशेजारी दोन विमानं उभी होती. घाईत वरचं लेबल वाचलं गेलं. प्राध्यापकांचं भाषण मद्रासला आणि कोट-पँट कलकत्त्याला!

त्यांनी थेट मुंबईच्या मुख्य ऑफिसात तक्रार केली. चौकशीला मोठे साहेब येणार असं कळलं. बर्वे साहेबांनी सुखदेवला बोलावून स्पष्टच सांगितलं, "तुला ठेवायचं की काढायचं, ते आता मोठे साहेब ठरवतील. माझ्या हातात काही नाही." सुखदेव "जी" म्हणाला. त्या आठवड्यात त्याने डबा उघडलेला मी पाहिला नाही. मला फार वाईट वाटायचं.

मोठे साहेब आले. उंच, करडे, कोटाच्या खिशात दोन पेनं. सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःची चामडी बॅग काट्यावर ठेवून म्हणाले, "बांध. मला बघायचंय."

सुखदेवने लेबल बांधलं. गाठ मारली, ओढली, टोकं तोडली.

मोठे साहेब ती सोडवायला बसले. आधी नखांनी. मग पेनच्या टोकाने. मग चष्मा काढून, बॅग डोळ्यांजवळ धरून. बर्वे साहेब मदतीला वाकले, त्यांना नजरेनेच मागे सारलं. बाहेर विमान तयार. वैमानिकाचा निरोप आला, पुन्हा आला. शेवटी साहेबांनी घाम पुसला आणि बॅग सुखदेवपुढे सरकवली.

"घे. तूच सोड."

सुखदेवने गाठीकडे पाहिलं. एकदा नख लावून पाहिलं. हात मागे घेतला.

"काय रे? स्वतःची गाठ स्वतःला सुटत नाही?"

"साहेब," सुखदेव म्हणाला. आठवडाभरात इतकं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकत होतो. "आमच्या घरी लहानपणापासून जोडाले शिकवते. सोडाले कोनी शिकवलंच नाही."

मोठ्या साहेबांनी चष्मा चढवला, लेबलासकट बॅग उचलली आणि दाराशी जाऊन वळले.

"बर्वे," ते म्हणाले, "ह्याला एक कातर घेऊन द्या!"