विमान कंपनीची पाहुणी

माझ्या पाकिटात एक सोनेरी कार्ड आहे आणि आमच्या घरात त्या कार्डाची जेवढी टिंगल झाली आहे तेवढी माझ्या पुरणपोळ्यांचीही झालेली नाही. मी वालीवच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिथे पॅकिंगची यंत्रं बनतात. बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि ती दक्षिणेत कुठे बंद पडली की गिऱ्हाइकाची बोलणी खायला जाणारी मी. त्यामुळे आमच्या माणिकपूरच्या नाक्यावर लोक जितक्या सहज रिक्षात बसतात तितक्या सहज मी विमानात बसते. वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या विमानाने गेले, म्हणून कंपनीने आधी चंदेरी आणि मग सोनेरी कार्ड दिलं. रांगेत न थांबता आत जा, जास्तीचं सामान न्या, विमान सुटेपर्यंत आमच्या खास दालनात बसा, सोबत एक गेस्ट आणा, असे त्याचे मानपान. कार्ड आलं त्या दिवशी नवरा म्हणाला, "आता घरातही तुला आधी वाढायचं का?" मी म्हटलं, वाढ, पण आधी शिजव.

मी स्वभावाने संशयी आहे. ग्राहकाला देव म्हणणाऱ्या पाट्या लावलेल्या दुकानांतच मला सगळ्यात जास्त तुसडेपणा मिळालेला आहे. गोड बोलणारा माणूस दिसला की मी पर्स घट्ट धरते. पण या कंपनीच्या माणसांपुढे माझं काही चालेना. एकदा चेन्नईला विमान रखडलं. सगळीकडे असतं तसं इथेही 'थोड्याच वेळात' ऐकत बसावं लागणार असं मी धरून चालले होते. तर त्यांचा एक अधिकारी खुर्च्यांच्या रांगांमधून स्वतः फिरला आणि प्रत्येकाला म्हणाला, "उशीर बराच होणार आहे, जेवून घ्या, मी बोलवायला येतो." आणि खरोखर बोलवायला आला. मी भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते, ती फुकट गेली. खरं सांगून टाकणारा माणूस मला फार आवडतो. त्या दिवसापासून मी त्या कंपनीची झाले.

तरी हे सगळं माझ्यापुरतं होतं. त्या कार्डाचा खरा उपयोग झाला तो आईला.

आई आगाशीला असते, भावाकडे, आमच्या वाडीत. तिची एकच धाकटी बहीण, माझी मावशी, मुलाच्या नोकरीमुळे कोइमतूरला गेली आणि तिथलीच झाली. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं, डॉक्टर म्हणाले आता चाला. मावशी चालेना. उठून बसेना. मग जेवणही सोडत आली. मावसभाऊ फोनवर रडकुंडीला आला होता. म्हणाला, "भिंतीकडे तोंड करून झोपते नुसती. झालं माझं म्हणते. डॉक्टर म्हणतात, मनाने उठली नाही तर आमच्या हातात काही नाही."

आईने फोन मागून घेतला. दोघी त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या. आमच्या पिढीला ती बोली समजते, पण बोलता येत नाही. बराच वेळ आईच बोलत होती. शेवटी पलीकडून मावशीने एवढंच म्हटलं की तुझ्या हातची सुकेळी आण, मग बघू.

सुकेळी म्हणजे वाळवलेली राजेळी केळी. आमच्याकडे पिकलेली केळी सोलून दिवसेंदिवस उन्हात ठेवतात, रोज उलटतात, संध्याकाळी झाकतात, तेव्हा कुठे ती मधाच्या रंगाची होतात. लहानपणी दोघी बहिणींवर ती राखायचं काम असायचं, आणि राखता राखता मावशी निम्मी खायची. आईने त्या हंगामातली शेवटची सुकेळी स्टीलच्या कडीच्या डब्यात भरली आणि म्हणाली, "मला घेऊन चल."

गुडघ्यांमुळे तिला आगगाडीचा एवढा प्रवास झेपणारा नव्हता. विमानात ती कधी बसलेली नव्हती. मी कंपनीला फोन लावला. माझ्या खात्यावर साठलेल्या पॉइंटांत आईचं तिकीट बसलं. फोनवरच्या मुलीने स्वतःहून विचारलं, आजींना गुडघ्याचा त्रास आहे तर पुढची जागा देऊ का, चाकाची खुर्ची सांगून ठेवू का. खुर्चीचं ऐकून आई उखडली. "मी काय आजारी आहे? आजारी ती आहे."

विमानतळावर मी मोठ्या तोऱ्यात कार्ड दाखवून तिला खास दालनात नेलं. गालिचा, गुबगुबीत खुर्च्या, एका बाजूला इडल्या आणि उपमा मांडलेला. आई दारातच थबकली.

"हे कोणाचं?"

"विमान कंपनीचं. माझ्याबरोबर एक गेस्ट चालतो. तू गेस्ट."

"म्हणजे पाहुणी?"

"हो, पाहुणी. बस आता."

"मग हात हलवत जायचं?"

मी हसले आणि चहा आणायला गेले. तिथेच चुकलं. आमच्या घरात पाहुणी हा शब्द साधा नाही. पाहुण्याने कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, निदान परसातली चार केळी तरी न्यायची, हे आईच्या हाडात मुरलेलं आहे. चहा घेऊन वळते तर आई स्वागताच्या टेबलापाशी उभी, डबा उघडलेला, आणि गणवेशातल्या मुलीच्या हातात सुकेळी ठेवते आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही मुलगी गोड हसून नियम सांगणार, आणि आईचा चेहरा उतरणार, असं मला वाटलं.

मुलीने नियम सांगितला नाही. दोन्ही हात पुढे करून घेतलं.

"आजी, हे काय आहे ओ?"

"खा आधी, मग सांगते."

तिने खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. मग म्हणाली, "मी साताऱ्याची, आमच्याकडे हे नसतं. थांबा, ह्या लोकांना पण देते." आणि आतल्या दोघातिघांना बोलावलं. आईने सगळ्यांना दिलं, प्रत्येकाला विचारून दिलं की बाबा तुझं गाव कुठलं. माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बसते. आता बसायला बरं वाटेल." पाय वर घेऊन ती त्या गुबगुबीत खुर्चीत अशी बसली, की पाहणाऱ्याला वाटावं दालन तिच्याच भावकीतलं आहे.

आमचं विमान लागलं, आम्हाला आधी आत सोडलं, हवाई सुंदरीने वाकून आईचा पट्टा लावून दिला. खिडकीतून खाली पाणी दिसलं तेव्हा आईने विचारलं, "ही आपली खाडी का गो?" ती आपली खाडी नसणार, पण मी हो म्हटलं. मग तिने पिशवीत हात घातला. पुन्हा घातला. मला वाटत होतं डबा तिच्या पिशवीत, तिला वाटत होतं माझ्या बॅगेत. डबा राहिला होता त्या टेबलावर.

 आईने पिशवी मांडीवर पालथी केली, त्यातलं नेसूचं लुगडं, औषधं, चष्म्याचं घर एकेक करून परत भरलं, आणि मग हळूच म्हणाली, "एकच गोष्ट मागितली होती तिने." मला तिचा राग आला, त्या पाहुणेपणाचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. खाली उतरेपर्यंत आम्ही दोघींनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

कोइमतूरला विमानातून बाहेर पडलो तर समोर कंपनीचा एक माणूस माझ्या नावाची पाटी धरून उभा. मला वाटलं मावशीचं काही वाईट. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपका डब्बा बंबई में है. शाम की फ्लाइट से आएगा. आप घर जाइए, हम घर पहुँचाएगा." साताऱ्याची ती मुलगी डबा घेऊन विमानाच्या दारापर्यंत धावली होती, तोवर दार बंद झालं होतं. मग तिने पुढे निरोप लावला. सोनेरी कार्डाबरोबर आलेली मानपानांची पुस्तिका मी नंतर मुद्दाम काढून पाहिली. तीत डब्याविषयी एक अक्षर नाही.

घरी मावशी खरोखरच भिंतीकडे तोंड करून होती. इतकीशी झाली होती. आई तिच्या पलंगावर बसली, पाठीवर हात ठेवला.

मावशीने मान न वळवता विचारलं, "आणलीस?"

"आणली. मागून येतायत. दुसऱ्या विमानाने."

 मग मावशीची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "सुकेळ्यांना वेगळं विमान?" असं म्हणत ती सावकाश इकडे वळली. "आपल्या बापाला कधी मिळालं नाही, आणि केळ्यांना विमान!" मग आईही हसायला लागली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून इतक्या हसल्या की मावसभाऊ दारात उभा राहून डोळे पुसू लागला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्याने आपल्या आईला हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मावशी दर थोड्या वेळाने विचारी, आलं का विमान. दिवेलागणीला कंपनीची गाडी दारात आली. गाडीतल्या माणसाने डबा आईच्या हातात दिला, नमस्कार केला आणि चहालाही थांबला नाही. डबा धुतल्यासारखा लख्ख पुसलेला होता. आईने झाकण उघडलं आणि बघतच राहिली. मावशी म्हणाली, "मला दाखव. अरे, मला बसवा कोणीतरी!" तिला उशा लावून बसवलं. ऑपरेशननंतर ती स्वतः सांगून पहिल्यांदाच बसली.

डब्यात खाली सुकेळी होती. आईने दालनात वाटली होती तेवढी जागा वर रिकामी असायला हवी होती. ती रिकामी नव्हती. तिथे चहाबरोबर देतात त्या साखरेच्या पुड्या होत्या आणि रुमालात बांधलेले शेंगदाण्याचे दोन लाडू. मला काही कळेना. तेवढ्यात साताऱ्याच्या त्या मुलीचाच फोन आला.

"मॅडम, डबा मिळाला ना? आजींना सांगा, सुकेळी आम्ही खाल्ली, आणि तसाच अर्धा रिकामा डबा परत पाठवायला कसं तरी वाटलं. लाडू माझ्या टिफिनमधले आहेत, घरचे आहेत. माझ्या आईला कळलं असतं ना मी तसाच पाठवला, तर जाम ओरडली असती."

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. विमान कंपनीत ते चालेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. माझ्या संशयी स्वभावाने त्या दिवशी हात टेकले. 

मावशीने आधी लाडू फोडला, मग सुकेळी घेतली. हळूहळू चावत खाल्ली. आईकडे बघून म्हणाली, "यंदा ऊन कमी पडलंय गो." आई म्हणाली, "खोड काढण्याएवढी बरी झालीस तर." दुसऱ्या दिवशी मावशी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली. आम्ही निघायच्या दिवशी वॉकर धरून दारापर्यंत आली, दर पावलाला ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला नावं ठेवत.

निघताना मावशीने रिकामा डबा आईच्या पिशवीत घातला. आईने तो काढून परत तिच्या हातात दिला.

"राहू दे तुझ्याकडे."

"अगं, तुझा चांगला कडीचा डबा."

"म्हणूनच. रिकामा मी नेणार नाही. भरून आण." मग आई पदर सावरत म्हणाली, "येते." मावशी डबा पोटाशी धरून उभी राहिली. 

त्याला आता बरेच महिने झाले. या वर्षी माझं दक्षिणेतलं जाणं कमी झालं, तेव्हा सोनेरी कार्ड जाऊन पुन्हा चंदेरी येईल असं कंपनीने आदबीने कळवलं आहे. नवऱ्याने सुतक पाळायचं का विचारलं. खात्यावर उरलेल्या पॉइंटांत एक तिकीट बसत होतं, ते मी काढलं. कोइमतूर ते मुंबई. फोनवरच्या माणसाने नेहमीप्रमाणे विचारलं, चाकाची खुर्ची सांगून ठेवू का. मी म्हटलं, विचारून सांगते, आणि मावशीला फोन लावला.

"खुर्ची कशाला? मी काय आजारी आहे?" मावशी फोनवरच उखडली. "आणि ऐक, ती साताऱ्याची पोरगी कुठल्या टेबलापाशी बसते ते नीट विचारून ठेव. डबा मी भरलाय. आधी तिला द्यायचं, मग तुझ्या आईला."