उपरण्याखालचा सौदा

फोन आला तेव्हा मी बाजारात एका खोंडाच्या जबड्यात हात घालून दात बघत होतो. दातांवरून जनावराचं वय ओळखणं हा माझा धंदा. आमचे आजे-पणजे मेंढरांमागे रानोमाळ फिरले, मी वरवंडला घर बांधून बैलांच्या सौद्यात पडलो. शिरूर-दौंडच्या बाजारांत मला लोक हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, म्हणून ओळखतात, आणि भांडखोर म्हणूनही. खिशातला मोबाईल वाजला. पलीकडून सदा पेंटरची बायको, हिरावहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले. पहाटं." खोंडाचा मालक विचारत होता, "काय झालं आप्पा? दोन दाती हाय का चार दाती?" मी त्याच्यावर काहीतरी खेकसलो. खरं सांगतो, दुःख व्हायच्या आधी मला भीती वाटली. माझी जीभ आपोआप डाव्या गालाच्या आतल्या खरखरीत जागेवर गेली आणि चटका बसल्यासारखी मागे आली.

सदा पेंटर कवठे येमाईचा. बाजाराच्या दिवशी फाटकाजवळ पोत्यावर डबे मांडून बसायचा आणि विकायला आलेल्या बैलांची शिंगं रंगवायचा. लाल, हिरवी, टोकाला पिवळा पट्टा. आमची ओळख भांडणातून झाली. माझा एक उतार वयाचा बैल त्याने असा सजवला की गिऱ्हाईक हरखून गेलं, आणि त्याच गिऱ्हाइकाने वय विचारल्यावर हा शांतपणे म्हणाला, "शिंगं आजची हाईत, बैल मातूर लई वर्षांचा हाय." मी त्याचा डबा लाथेने उडवला. त्याने तो उचलला आणि म्हणाला, "शेठ, रंग लावायचं काम माझं. खोटं बोलायचं काम तुमचं. माझं काम मी केलं." तेव्हापासून तो मला शेठ म्हणायचा, तोही चिडवायलाच. त्या दिवसापासून वीसेक वर्षं आम्ही एका पिशवीतली तंबाखू खाल्ली, एका डबीतला चुना लावला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याला जे झालं ते ऐकून माझी झोप का उडाली, ते वाचणाऱ्याला कळावं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्याच्या गालात गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात डावा जबडा काढला. घरी आणल्यावर मी भेटायला गेलो, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकवेना. खाटेवर पडलेला माणूस सदा होता, पण अर्धाच. बोलायला गेला की नुसता घरघराट यायचा, तो फक्त वहिनींना कळायचा. समाचाराला माणसं यायची, तोंडाला पदर लावून बघायची, "कसं झालं हो..." म्हणायची आणि त्याच्यासमोर चहा पिऊन जायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. पंधरा दिवस हे चाललं. मग एका दुपारी शेजारची एक म्हातारी डोळे पुसत बसली असताना तो उठला, शिंगांच्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश तिच्या हातात दिला. खाटेसमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. म्हातारी घाबरली. "आरं, मला काय येतं?" वहिनींनी त्याचा घरघराट समजून सांगितलं, "म्हनत्यात, रडायचं तर बाहीर. आत आला तर एक बैल काढायचा."

तेव्हापासून त्या घरातला तो नियमच झाला. समाचाराला येईल त्याने भिंतीवर एक बैल काढायचा. वेडावाकडा, तीन पायांचा, कसाही. शिंगं तेवढी सदा रंगवायचा. मी पुन्हा गेलो तेव्हा माझ्याही हातात ब्रश आला. जन्म बैलांत गेला, पण माझा बैल बघून सदा पोट धरून हसला. वहिनी म्हणाल्या, "इचारत्यात, ह्ये कुत्रं कितीला दिलं शेठ?" ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसला तो माझ्या बैलाला. माझ्या कुत्र्याची शिंगं मात्र त्याने कोरी ठेवली. का, ते तेव्हा सांगितलं नाही.

भिंत भरली तसा तो उठून बसला, मग फिरायला लागला. कुठल्या गावात कोण असाच आजार घेऊन दवाखान्यातून परत आलंय, हे त्याला कसं कळायचं देव जाणे. पिशवीत चार डबे, दोन ब्रश घेऊन एसटीने निघायचा. आधी तोंडाला पंचा गुंडाळून मागच्या सीटवर बसायचा, नंतर पंचा सुटला आणि खिडकीची जागा त्याची ठरली. बाजारापलीकडे कधी न गेलेला माणूस शिरूरला गाडी बदलून चौफुल्यापर्यंत, तिथून दौंडकडच्या वाड्यावस्त्यांवर जायला लागला. त्या घरी जायचं, खाटेसमोरची भिंत चुन्याने पांढरी करायची आणि समाचाराला आलेल्यांना कामाला लावायचं. कुठे बैल, कुठे मेंढरं, उसाच्या पट्ट्यात कुठे उसाच्या गाड्यांची रांग. रोग्याची सून, सासू, शेजारीण, एकदा तर सरपंचसुद्धा रंगात हात बरबटून उभे. रोगी आधी बघायचा, मग चुका काढायचा, मग ब्रश मागायचा. एवढंच. सगळे वाचले नाहीत. पण सदा सांगायचा... म्हणजे वहिनी सांगायच्या... की भिंत बघत गेलेला माणूस आढ्याकडे बघत जात नाही.

असं दहाएक वर्षं चालल्यावर एकदा त्याने मला पाटसला ओढून नेलं. साखर कारखान्यात कामाला असलेला एक माणूस होता, माझ्याच वयाचा, माझ्याच अंगलटीचा. गालाला भोक पडलेलं. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि बाहेर येऊन गोठ्याच्या कडेला ओकलो. सदा मागोमाग आला. माझी हनुवटी धरली आणि मी जसा बैलाचा जबडा उघडतो तसा माझा जबडा उघडला. उन्हात वळवून आत पाहिलं. पांढरा चट्टा त्याला दिसला. मला तो वर्षभर आधीच दिसला होता, आरशात, दार लावून. तो दिसला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तंबाखू टाकली, पण चट्ट्याबद्दल बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी चौफुल्याला एसटीची वाट बघताना त्याने माझ्या खांद्यावरचं उपरणं ओढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात भाव असाच होतो. चारचौघांना कळू नये म्हणून हात कापडाखाली, जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा, आणि शेवटी तळव्याला तळवा दाबला की सौदा पक्का. ऑपरेशननंतर आम्ही दोघं असंच बोलायचो. त्याने एक बोट दाबलं. एका बाजाराच्या आत, म्हणजे आठवड्यात, डॉक्टरला दाखव. मी चार दाबली. त्याने हात झटकला, परत एक. मी तीन. एसटी आली, गेली. शेवटी दोनवर ठरलं. त्याने तळवा दाबला, इतका की हाडं दुखली. उपरण्यावर त्याच्या बोटांचा लाल रंग लागला, तो अजून निघालेला नाही.

तीस वर्षांत उपरण्याखालचा सौदा मी कधी मोडला नाही. नुकसान सोसलं, शिव्या दिल्या, पण मोडला नाही. हा मोडला. दोन बाजार गेले, तिसरा गेला. दवाखान्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. मग वहिनींचा फोन आला, "ह्ये इचारत्यात, दाखवलं का?"

मी म्हणालो, "दाखवलं की. उष्णता हाय म्हनले. काय न्हाई."

फोनमधून मागचा घरघराट ऐकू आला. वहिनी म्हणाल्या, "लई खूश झालेत बघा. म्हनत्यात, शेठ सुटला!"

तीन महिन्यांनी तो गेला.

दहाव्याला मी कवठ्याला गेलो. तिथे कोणीतरी सहज बोलून गेलं की गाठ मानेत परत आली होती आणि सदाला ते पाटसच्या आधीपासून माहीत होतं. गावाला माहीत होतं, पाव्हण्यांना माहीत होतं, फक्त मला नाही. माझं डोकं फिरलं. चार माणसांत मी हिरावहिनींवर ओरडलो, "वीस वर्षं माझ्या पिशवीतली तंबाखू खाल्ली त्यानं, आन् मला सांगितलं न्हाई? मी कोण, रस्त्यावरचा?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "त्यांनीच सांगू दिलं न्हाई. म्हनले, शेठ भित्रा हाय. मला परत झालंय कळलं तर त्यो जन्मात तोंड उघडायचा न्हाई. आधी त्याला दाखवून येऊ द्या." मग त्या भिंतीकडे वळल्या. "तुमचा फोन झाला ना, त्याच दिवशी उठले. उभं ऱ्हायला येत नव्हतं, मी कमरंला धरलं व्हतं. म्हनायचे, शेठचं भ्या गेलं की त्या कुत्र्याची शिंगं रंगवीन."

रांगेच्या शेवटी माझं कुत्रं उभं होतं, आणि त्याची शिंगं लाल होती. रेघ थरथरलेली, एका जागी ओघळ आलेला, पण टोकाला पिवळा पट्टाही होता. बाजारात जन्मभर खरं वय सांगणाऱ्या माणसाने शेवटचा रंग माझ्या खोट्यावर लावला... माझी तक्रार तोंडातच राहिली. ती अजून आहे. त्याने मला सांगायला हवं होतं, असं मी आजही म्हणतो. पण कुठल्या तोंडाने म्हणतो, ते वहिनींना मी त्या दिवशी सांगितलं नाही. त्यांना वाचता येत नाही. कोणीतरी हा लेख वाचून दाखवील, तेव्हा कळेल.

गेल्या आठवड्यात दवाखान्यात गेलो. बायकोला आधी सगळं सांगितलं, ती चपला घालून दारात उभी राहिली. डॉक्टरने गालाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अजून काही कळलेलं नाही. हे लिहितानाही जीभ तिकडेच जाते, तिथे आता टाका आहे.

आत बोलावण्याआधी आम्ही बाकावर बसलो होतो. मी उपरणं काढून हातावर टाकलं. सवय, दुसरं काय. लाल डाग वरच्या बाजूला आला होता. बायको म्हणाली, "अहो, हात का झाकलाय?" तिने उपरण्याखाली हात घातला, माझी बोटं एकेक करून चाचपली आणि म्हणाली, "केवढी गार पडलीत ही..." मग नंबर पुकारेपर्यंत तिने तो हात बाहेर काढला नाही.