दुपारच्या सुट्टीतलं चर्च

मला आधी वाटलं, तो आमच्यावर नजर ठेवतोय.

उन्हाळ्यात बारा ते तीन उघड्यावर काम करायचं नाही, असा इथला कायदा आहे. कायदा चांगला आहे, आमच्याकडे पाळलाही जातो. फक्त ते तीन तास पहाटे लवकर उठवून आमच्याकडून वसूल केले जातात. सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. गेज, मीटर, त्यांच्या वायरी, एवढं माझं जग. बारा वाजले की सगळे पत्र्याच्या लांब शेडमध्ये येतात. आत बाकं आहेत आणि दोन एसी, त्यातला एक चालतो.

आमचा सुपरवायझर आयर्लंडचा. साठीला टेकलेला, उन्हानं मान लालबुंद झालेला. त्याला वेगळी केबिन होती, तरी तो डबा घेऊन शेडच्या दाराशी येऊन बसायचा आणि मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचा. एकदा पाणी प्यायला जाताना मला स्क्रीन दिसली. उंचावरून दिसणारी लाकडी बाकं, त्यांवर तुरळक पाठमोरी माणसं, कोपऱ्यात पळणारं घड्याळ.

डोकं फिरलं. सुट्टीतसुद्धा कॅमेरा?

माझं डोकं लवकर फिरतं, ही गावाकडची सवय. आमच्या सड्यावर, गावावरच्या कातळमाळावर, केमिकलचा कारखाना येणार होता, तेव्हा त्याविरुद्धची पत्रकं मी लिहायचो. मजकूर माझा, झेरॉक्स वर्गणीतून. कारखाना आला नाही. नोकऱ्याही आल्या नाहीत. मग कारखाना नको म्हणणारा मी पोट भरायला समुद्रापलीकडच्या कारखान्यात आलो. हे मला कुणी ऐकवायची गरज नाही, कारण चाचा रोज ऐकवतात. चाचा म्हणजे दापोलीकडचे आमचे रिगर. क्रेननं उचलायचा माल साखळदंडानं बांधून देणं हे त्यांचं काम. मला ते ‘पुढारी’ म्हणतात.

तर पुढारी तरातरा गेला आणि सुपरवायझरला इंग्रजीत सुनावलं, की आम्ही माणसं आहोत, चोर नाही, आणि आरामाच्या वेळी आमच्यावर कॅमेरा लावायचा तुम्हाला अधिकार नाही. त्याच्या तोंडात घास होता. तो चावून, गिळून, त्यानं मोबाईल माझ्याकडे फिरवला.

“ती निळ्या कोटातली माझी आई,” तो म्हणाला.

ते त्याच्या गावचं चर्च होतं. ज्यांना घरातून निघवत नाही त्यांच्यासाठी तिथे कॅमेरा बसवलेला आहे, आणि गावातली जी पोरं जगभर पांगली तीही त्यातून बघतात. तिकडची सकाळी दहाची प्रार्थना म्हणजे उन्हाळ्यात इथले बरोबर बारा. आई रोज यायची, भिंतीकडून तिसऱ्या बाकावर बसायची. प्रार्थना संपली की पुढच्या बाजूच्या दारापाशी थांबून मागे वळायची, वर कॅमेऱ्याकडे बघायची आणि हात करायची. तिला कमी ऐकू यायचं, फोनवर बोलणं जमेना, म्हणून हे दोघांचं ठरलेलं होतं.

चाचांनी मागून विचारलं, “काय रे पुढारी, मोर्चा माघारी घेतलास?”

मी माफी मागितली नाही. आमच्या मेसमध्ये कॅमेरा आहे, गेटवर आहे, इथे असता तर कुणाला नवल वाटलं असतं? सुपरवायझरही तेच म्हणाला. कंपनीला आठवण करून देऊ नकोस, नाहीतर लावतील.

त्यानंतर मी आणि चाचा त्याच्याच बाकावर बसायला लागलो. तो थोडंथोडं सांगायचा. मिसरूड फुटायच्या आत घर सोडलं, लंडनला बोगदे खोदले, मग लिबिया, कतार, मग इथे. गावात जुन्या घराशेजारी त्यानं नवं घर बांधलं, मोठ्या खिडक्यांचं. आई त्यात एक रात्र झोपली आणि पुन्हा जुन्या स्वयंपाकघरात गेली. हे ऐकून चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांच्या वाडीत आखातातल्या पोरांनी बांधलेले गुलाबी, पोपटी बंगले आहेत, आणि सगळ्यांच्या आया मागच्या पडवीत बसतात.

जूनच्या शेवटी त्याच्या बहिणीचा फोन आला. ती तिथेच राहते. आईला विसर पडायला लागलाय, ती तुला ओळखतेय तोवर येऊन जा, असं तिनं सांगितलं. त्यानं हे आम्हाला सांगितलं आणि लगेच त्यावर उत्तरही दिलं. “रोज हात करते की मला. विसरली असती तर हात कुणाला केला असता?”

नवीन युनिट चालू व्हायचं होतं. ते झालं की जाईन, म्हणाला.

मला राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. इथे माणसाची किंमत पासपोर्टच्या रंगावर ठरते. त्यानं नुसतं तोंड उघडलं असतं तर ऑफिसचा माणूस तिकीट घेऊन दाराशी उभा राहिला असता. चाचांचा भाऊ गेला, तेव्हा बाहेर पडून परत यायच्या परवानगीवर सही करणारा साहेब सुट्टीवर होता. आपल्या भावाला मातीत ठेवताना चाचांनी याच शेडमध्ये, याच बाकावर बसून मोबाईलवर पाहिलं. आणि तीन वाजता क्रेनवर गेले.

हे सगळं मी सुपरवायझरला तोंडावर बोललो. “आम्हाला जाऊ देत नाहीत. तुम्हाला कुणी अडवत नाही आणि तुम्ही जात नाही. याला काय म्हणायचं?”

“युनिट चालू होऊ दे,” तो म्हणाला.

“मग पुढचं युनिट येईल.”

“येईल,” तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.

चाचांनी मला खाली बसवलं. “ऱ्हाऊ दे. त्याला इथून बरं दिसतंय. जवळ गेल्यावर काय दिसेल, कोन सांगेल?”

मी बसलो, पण पटलं नाही. माझी आई आठवड्यातून दोनदा व्हिडिओ कॉल करते आणि मोबाईल पाटावर उताणा ठेवते. मला दिसतो तो छताचा पंखा. आई फ्रेमच्या बाहेरून विचारते, जेवलास का, ऊन किती आहे, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवा करून दिला का. माझी रजा करारातली दोन वर्षं भरल्यावर. तोवर मी पंखा बघतो. मला हवं तेव्हा जाता आलं असतं तर मी गेलो असतो, असं मी छातीठोकपणे म्हणायचो. अजूनही म्हणतो. पण दुपारी अंग इतकं आंबलेलं असतं की छाती ठोकायलाही हात उचलत नाही.

ऑगस्टमध्ये एका दुपारी प्रार्थना संपली, माणसं उठून गेली आणि निळा कोट बसूनच राहिला. आम्हाला वाटलं, काहीतरी पुटपुटत असेल. मग चर्चमधले दिवे कुणीतरी बंद केले. खिडकीतून येणाऱ्या फिक्या उजेडात तो कोट काळा दिसायला लागला. सुपरवायझरचा घास हातातच राहिला. तो स्क्रीनला अगदी डोळे लावून बसला होता आणि तिथे हाक पोचत नव्हती. शेडमध्ये पोरं घोरत होती, कुणाच्या तरी मोबाईलवर क्रिकेट चालू होतं. शेवटी किल्ल्या घेतलेला एक माणूस आला, वाकून तिच्याशी बोलला, कोपराला धरून तिला उठवलं. दारापाशी तो तिच्यासाठी थांबला.

ती वळली नाही.

सुपरवायझरनं तिथूनच बहिणीला फोन लावला. ती रडत रागावत होती, एवढं आम्हाला फोनबाहेरही ऐकू येत होतं. त्यानं मग सांगितलं, कित्येक महिने शेजारी आईला हाताला धरून चर्चच्या दारापर्यंत आणत होते आणि घरी सोडत होते. एकटी निघाली तर ती चर्चऐवजी जुन्या शाळेकडे जायची. कॅमेऱ्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. तो डबा तसाच टाकून ऑफिसात गेला. युनिट चालू झालं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी तो विमानात होता.

निघताना त्यानं मला त्या कॅमेऱ्याची लिंक पाठवली. बघत जा, म्हणाला, तिथे कुणी बघत नाहीये असं नको व्हायला. मी म्हटलं, यासाठी मला ओव्हरटाइम लावा. पण दुसऱ्या दिवसापासून बाराला मोबाईल डब्याला टेकवला.

काही दिवस तिसरं बाक रिकामं होतं. मग एके दिवशी दोघं आली. त्यानं कुणाचा तरी मोठा कोट घातला होता, आणि हेल्मेटशिवाय तो ओळखूच येईना. आईला बसवून तो तिच्याशेजारी बसला. आम्ही प्रार्थना संपायची वाट बघत राहिलो. चाचांनी तर जेवण थांबवलं. दोघं उठली, दारापाशी आली. आई थांबली. सावकाश वळली, वर बघितलं आणि हात केला.

“बघ,” चाचा म्हणाले. “आहे आठवन. पोरगा आल्यावर आली.”

मग त्यानंही वर बघितलं. आई त्याच्याशी काहीतरी बोलली, तसा त्यानंही हात वर केला. मीसुद्धा इकडे केला. शेडमधली पोरं हसली. हसू देत म्हटलं.

महिन्यानं तो परत आला. मान पांढरी पडली होती. बारा वाजता नेहमीच्या जागी बसला, डबा उघडला. मी सरळ विचारलं, आईनं ओळखलं का?

त्यानं आधी जेवून घेतलं. मग म्हणाला, “बहिणीनं मदतीला पाठवलेला कुणीतरी माणूस, असं ती मला समजत होती. फार अदबीनं वागायची. दारात मला म्हणाली, ‘तिकडे वर बघा आणि हात करा. माझा मुलगा परदेशात असतो. या वेळेला तो बघत असतो.’”

“मग?”

“केला.”

चाचांनी आपल्याजवळचा खजुराचा पुडा त्याच्यापुढे सरकवला आणि बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले.

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मागणी तयार असते. शेडमधला बंद एसी, सहीवाला साहेब, पासपोर्टचे रंग, सगळ्यांवर मी एकेक पत्रक लिहून देईन, आज मागा, आज देतो. यावर काय लिहू? कुणाला उद्देशून? त्याला मी आता ‘जा’ म्हणत नाही. त्यानं मोबाईल पुन्हा डब्याला टेकवला आहे. आता शेजारणीच्या हाताला धरून ती आत येते, संपलं की दारात वळते आणि हात करते, आणि तो डब्याच्या उंचीला बोटं हलवतो. त्याच्या आईला तिचा मुलगा तेवढाच भेटतो, तोही तो इथे असला तरच.

त्यानं हे सांगितलं त्या संध्याकाळी मी घरी फोन लावला आणि आईला म्हटलं, मोबाईल नीट हातात धर, तुझं तोंड दिसू दे.

“माझं तोंड काय बघायचंय मेल्या,” ती म्हणाली. “तू जेवलास का ते सांग.”

पंखा फिरत होता. जेवलो, म्हटलं.