मेंढरांत लांडगा

विराजनं रबर लावलेली पत्त्यांची थप्पी माझ्याकडं सरकवली. सरकवली कसली, भिरकावली. टेबलावरून घसरत आली, माझ्या कपाला आपटली. चहा सांडला.

"तू मेंढरं घे," तो म्हणाला. "तुमच्या घरचाच धंदा. तुला शिकवायची गरज नाही."

सगळे हसले. मीही हसलो. आधी हसलो, मग कळलं कशाला हसलो ते.

विराज म्हणजे आमच्या बिल्डरसाहेबांचा मुलगा. मी साहेबांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. बीड बायपासला टाउनशिप उठत होती, तिचे नकाशे मी काढायचो. विराज परदेशात शिकून आला, येताना पेटी भरून पत्ते घेऊन आला. राजा-राणीचे नव्हेत. राक्षस, ड्रॅगन, चेटकिणी, लांडगे. दोघांनी समोरासमोर बसायचं. प्रत्येकाला वीस जीव. आपली जनावरं सोडायची आणि समोरच्याचे जीव संपवायचे. शनिवारी दुपारी काम आटोपलं की मीटिंगच्या खोलीत खेळ मांडायचा.

विराजचा एक नियम होता. प्रत्येकाचा डेक, म्हणजे पत्त्यांचा कॅट, एकाच जातीच्या जनावरांचा हवा. दुसऱ्या जातीचे चार-दोन पाहुणे चालतील. 'जात' हा शब्द त्याचाच. त्यामुळं शनिवारी आमच्या ऑफिसात लोक एकमेकांना उघड जात विचारायचे आणि हसायचे. बाकीचे दिवस ती न विचारताच सगळ्यांना ठाऊक असायची.

विराजची जात ड्रॅगन. साइट इंजिनिअर माधुरी मॅडमची चेटकीण. हिशोब बघणाऱ्या सलीमभाईंचे लांडगे. उरली मेंढरं. पेटीतला गाळ. कुणालाच नको होती. ती मला.

आता एक गंमत सांगतो. मी धनगराचा, हे खरं. पण जन्मात एक मेंढी राखलेली नाही. वडील वैजापूरला जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे, मी तिथंच वाढलो. लोकरीचा वास आला की मला शिंका येतात. लहानपणी मामाच्या कळपात शिरलो तर मामा म्हणायचे, "ह्याला आधी बाहेर काढा, मेंढरं बुजत्यात." असा मी. हा म्हणे घरचा धंदा.

आणि हरायला लागलो. हरणारच. माझी मेंढरं अंगानं एवढीशी, विराजचे ड्रॅगन आकाशातून आग ओकायचे. प्रत्येक हरण्याला विराजचा एक विनोद ठरलेला. "कळप पांगला रे." "आज चारा नाही मिळाला वाटतं." ते दुष्काळाचं वर्ष होतं. मामा खरोखरच चाऱ्यापायी कळप घेऊन कन्नडहून घाटाखाली उतरले होते. चाऱ्याच्या विनोदावर मला हसता येईना. हसलो नाही, की विराज म्हणायचा, "एवढं मनावर घेतात का?"

मनावर घेतलं. पण निराळ्या तऱ्हेनं. मी ती थप्पी घरी नेली. घरी म्हणजे मुकुंदवाडीच्या खोलीत. नळाला पाणी येईस्तोवर लोक बादल्या लावून बसायचे. मी बादलीशेजारी पत्ते मांडून बसायचो. बायका म्हणायच्या, "ह्याला तीन पत्तीचं याड लागलं." एकेक पत्ता वाचायचो. इंग्रजी बारीक अक्षरात, शब्दकोश मांडीवर.

वाचता वाचता एक म्हातारी मेंढी सापडली. ती मेली की दोन कोकरं देते. ठीक. मग एक पाणवठा सापडला. पाणवठ्यावर कोकरू मेलं की आपलं एक मेलेलं जनावर परत उठतं. मी बसल्या जागी ताठ झालो. मेंढी मेली, दोन कोकरं. एक कोकरू मेलं, मेंढी परत. मेंढी मेली, पुन्हा दोन. हे कधी संपणारच नाही. एकच अडचण. मारायचं कुणी?

सोमवारी सलीमभाईंना गाठलं. त्यांच्याकडं स्वतःच्या पैशानं आणलेला एक लांडगा पडून होता. तो आपल्याच बाजूची जनावरं खायचा, हवी तेव्हा, हवी तेवढी. आणि दर घासाला समोरच्याचा एक जीव जायचा. आपलीच जनावरं कोण मारील, म्हणून सलीमभाई तो कधी खेळत नसत. मी त्यांना माझ्या पदरचा लाकडी चौकटीचा आरसा देऊ केला. त्यांना तो ऑफिसात भांग पाडायला हवाच होता.

"मियाँ, बकरियों में भेड़िया कायको डालरे?" ते म्हणाले.

"पाहुणा म्हणून," मी म्हणालो.

त्या शनिवारी विराज मिशीत हसत बसला. त्याचे दोन ड्रॅगन मैदानात, माझे जीव संपत आलेले. मी पाणवठा मांडला. मेंढी मांडली. मग हळूच, वरातीत नवरदेव उतरवावा तसा, लांडगा उतरवला.

"हे काय?" विराज म्हणाला.

"जेवायला बसलाय," मी म्हणालो.

लांडग्यानं मेंढी खाल्ली. एक जीव. कोकरू खाल्लं. एक जीव. मेंढी उठली, खाल्ली. एक जीव. विराज म्हणाला, थांब, थांब. माधुरी मॅडम उभ्या राहिल्या. मी थांबलो नाही. एकेक घास मोठ्यानं बोलत गेलो, पंगतीत वाढपी बोलतो तसा. त्याचे वीसच्या वीस जीव तिथं बसल्या जागी संपले. ड्रॅगन नुसते बघत राहिले.

सलीमभाईंनी टेबल वाजवलं. विराजनं पत्ते उलटसुलट करून वाचले. चूक सापडेना. मग खुर्चीत मागं रेलला आणि म्हणाला, "मानलं. शेवटी काय, रक्तातच आहे याच्या."

सगळे पुन्हा हसले. ह्या खेपेला कौतुकानं. मला हसू आलं नाही.

घरी जाताना सिटी बसमध्ये तेवढंच डोक्यात. हरलो तेव्हा म्हणाला, धनगर आहे. जिंकलो तेव्हा म्हणाला, धनगर आहे. म्हणजे हरलो तरी जात आणि जिंकलो तरी जात. मग त्या खुर्चीवर मी बसलो होतो का नव्हतो? बादलीशेजारी शब्दकोश घेऊन कोण बसलं होतं, माझं रक्त? शिवी मी गिळली होती. हे कौतुक गिळता येईना.

मग नमुना फ्लॅटचं उद्घाटन आलं. पुण्याहून पाहुणे आलेले. बाहेर टँकरनं पाणी आणून हिरवळ भिजवलेली. भिंतीवर मी काढलेलं चित्र, निळाशार पोहण्याचा तलाव. जेवणं झाल्यावर विराजनं मला वर बोलावलं. टेबलावर माझा डेक मांडून ठेवलेला. शेजारी पिशवी. पिशवीतून त्यानं नवंकोरं घोंगडं काढलं.

"हे खांद्यावर टाक आणि यांच्याशी एक डाव खेळ. फोटो मस्त येतील."

एक पाहुणे म्हणाले, "अच्छा, म्हणजे हे खरोखरचे?"

"अस्सल," विराज म्हणाला. "मेंढरं रक्तातच आहेत याच्या."

मी घोंगडं हातात घेतलं आणि शिंकलो. चांगला दणदणीत. पाहुणे मागं सरकले. मग मी त्याची नीट घडी घातली आणि विराजच्या मांडीवर ठेवली.

"सर, मेंढरं माझ्या रक्तात असती तर त्यांच्यात मी लांडगा सोडला असता का? कुठल्याही धनगराला विचारा. जोड्यानं मारील मला."

"अरे, मजा चाललीय."

"मजा तुमची. डोकं माझं. खेळायचं तर ह्या शर्टात खेळीन. नाय तर नाय."

साहेब दारातून म्हणाले, "पाहुण्यांसमोर हे काय?"

"पाहुण्यांसमोरच विचारलं ना साहेब, म्हणून पाहुण्यांसमोरच सांगतो."

पाहुणे तलावाचं चित्र बघायला लागले.

"मग राहू दे," विराज म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणालो. मेंढरं त्याची होती, ती टेबलावर ठेवली. लांडगा माझा होता, तो खिशात घातला. जिन्यानं खाली उतरलो.

नोकरी गेली का? गेली. लगेच नाही. दिवाळीच्या तोंडावर, काम कमी आहे म्हणून. त्या वेळी ऑफिसच्या समोरच साहेबांच्याच दोन बिल्डिंगींचे पाये खणत होते. मला वाळूजला दुसरं ऑफिस मिळालं. इथवर ही गोष्ट मी रंगवून सांगतो, लोक टाळ्या देतात. पुढचं सांगितलं की टाळ्या थांबतात.

मामेभावाची हळद होती, कन्नडला. मामांनी हीच गोष्ट भर मांडवात सांगितली. माझ्यापेक्षा झकास. विराजचा आवाज काढला, घोंगड्याची घडी घालून दाखवली. आणि शेवटी माझ्या पाठीत थाप घालून म्हणाले, "बिल्डरला गार केला गड्यांनो. शेवटी रक्त कुणाचं? धनगराचं."

मांडव हसला. इथं हसणारे माझे होते, थाप प्रेमाची होती. म्हणून तर जड गेलं.

"मामा, तेवढं नका म्हणू."

"का रं? जातीची लाज वाटती?"

"लाज नाय. तुम्ही दुष्काळात मेंढरं जगवली. घाट उतरला, पायाची सालटी निघाली. त्याचं श्रेय मी तुमच्या रक्ताला देत नाय, तुम्हाला देतो. तसं माझं मला द्या."

मामांनी पाठीवरचा हात काढला. "लई शाणा झाला," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. "झालो. जन्मलो नव्हतो."

मामा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. पण शब्द मागं घेणार नाही. 'रक्तातच आहे' हे तुम्ही मला शिवी म्हणून द्या, नाहीतर हार म्हणून घाला. तुम्ही साहेब असा, सोयरे असा. तिथल्या तिथं गळ्यातून काढीन आणि तुमच्या हातात परत देईन.