लीलाची सहामाही

शाळेतले किस्से म्हणजे स्टाफरूमच्या कपाटावरचे नकाशे. एक ओढायला जावं, तर चार डोक्यावर पडतात!

ऐंशीच्या आसपासचे दिवस. सातपूरला कारखाने वाढत होते आणि दर जूनला आमच्या शाळेत केरळ, बिहार, आंध्रची नवी पोरं यायची. मी गणिताचा नवखा मास्तर, जात्याच घाबरट. या पोरांचं इथे कसं होणार, या काळजीने मलाच अन्न गोड लागायचं नाही.

त्यातच नववीत केरळची लीला आली. आई गावीच राहिलेली. वडील फिटर, कायम रात्रपाळी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सहामाही तक देखेगा. फेल हुआ तो गाँव भेजेगा. उधर शादी करेगा." ऐकून दाणीबाईंनी कपाळाला हातच लावला. बाई मराठी शिकवायच्या. रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती.

*

लीला वर्गात तोंडच उघडेना. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, मग तू मला तुझी भाषा शिकव." रोज ऑफ पिरियडला बाई मल्याळी अक्षरं गिरवायला लागल्या. आठवड्याने लीलाने चाचणी घेतली. बाईंना दहापैकी तीन! खाली लाल शाईत लीलाच्या हातचं पहिलं मराठी वाक्य होतं : "पालकांची सही आणणे."

या वयात बाईंनी पालक आणायचा कुठून? शेवटी आमच्या शिपायाने, गांगुर्डेमामांनी सही केली. बाईंपेक्षा ते वर्षाने मोठे होते.

*

मधल्या सुट्टीत लीला नळापाशी एकटीच डबा खायची. मामा आपली भाकरी घेऊन दहा हातांवर बसायला लागले. बोलणं नाही, चालणं नाही. रोज हातभर पुढे सरकायचे.

मी विचारलं, "मामा, हाक का नाही मारत तिला?"

"सर, मी नांदगावहून आलो तवा हाका मारणारे लय होते. बाजूला बसणारं कोणी नव्हतं."

मला माझीच लाज वाटली.

*

सहामाहीचा पहिला पेपर, वेळ साडेसातची. वडील घरी येईपर्यंत लीलाला धाकट्या भावापाशी थांबावं लागायचं, आणि नेमकी त्या दिवशी कारखान्याची बस रखडली! आमचे हेडसर महाकडक. टोल पडला की फाटक बंद. सख्ख्या पुतण्यालाही त्यांनी परत पाठवलेलं. बाई जिन्यात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या.

साडेसात वाजले. हेडसर घड्याळ बघत बाहेर आले.

"गांगुर्डे, टोल द्या!"

"सर, हातोडी घावत नाय."

हातोडी मामांच्या काखेत होती. हेडसरांनी ती नीट पाहिली. मग रस्त्याकडे पाहिलं. पार टोकाला दोन वेण्या पळत येत होत्या.

"असं?" हेडसर म्हणाले. "मग मी ऑफिसात बघतो. तुम्ही मागच्या विहिरीकडे शोधा!"