बुधवार-शनिवार, पाच ते आठ

ताउनो केतोला चौतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाला, आणि त्यानंतर चौथ्या महिन्यात रौतानिएमी गावाच्या खडकाळ टोकावर वीज प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण ताउनोला तो दिसला. रिकाम्या माणसाला असले संबंध फार लवकर दिसतात.

गाव ते केवढं! एक किराणा दुकान, एक चर्च आणि समुद्रातले मासे. त्यात एका उन्हाळ्यात अडीच हजार कामगार येऊन पडले. पोलंडचे वेल्डर, पोर्तुगालचे गवंडी, आणखी कुठले कुठले वायरमन. झोपायला जागा मिळेना. लोकांनी गॅरेजं दिली, होड्यांच्या शेड दिल्या. शेजारच्या ओइवानं तर कोंबड्या विकल्या, खुराड्याला खिडकी बसवली आणि आत दोन पोर्तुगीज ठेवले.

"आवाज तेवढाच आहे," ओइवा सांगायचा. "पण हे अंडी घालत नाहीत, म्हणून भाडं घेतो."

ताउनोनं आधी तळघर भाड्यानं दिलं. त्याला बायकोची, म्हणजे हेल्वीची काही हरकत नव्हती. तळघरात बटाटे आणि बर्फावर घसरायच्या जुन्या पट्ट्या होत्या, त्यांना कुठंही राहता येतं. मग वरचा मजला गेला. मुलगी नॉर्वेत स्थायिक झालेली, तिची खोली रिकामीच होती, असं ताउनो म्हणाला. मग बैठकीच्या खोलीत प्लायवूडच्या भिंती उभ्या राहिल्या आणि एका खोलीच्या चार झाल्या. समुद्राकडची मोठी खिडकी बरोबर अर्धी कापली गेली, एक तुकडा एका वेल्डरला आणि दुसरा दुसऱ्याला. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी पुंजी ताउनोनं प्लायवूड, तीन न्हाणीघरं आणि अकरा कुलपांत घातली. प्रत्येक वेळी हेल्वी विचारायची, "एवढंच ना?" आणि ताउनो म्हणायचा, "एवढंच."

भाडेकरार त्यानं स्वतः लिहिला. वकिलाला कशाला पैसे द्यायचे? करारात चार कलमं होती. घरात बूट घालायचे नाहीत. नऊनंतर मासे तळायचे नाहीत. भाडं एक तारखेला. आणि चौथं, अंगणातल्या सॉनाची पाळी बुधवार आणि शनिवार, पाच ते आठ. हे चौथं कलम ताउनोच्या हातून आपोआप लिहिलं गेलं. वाफेनं अंग शेकायची, लाकडं घालून तापवायची ती खोली ज्या घराला नाही, ते त्याच्या लेखी घरच नव्हतं. भाडं थोडं मागेपुढे झालेलं तो चालवून घेईल, पण माणसाची सॉनाची पाळी बुडवणं म्हणजे पापच.

घरात राहायला आलेल्या पोलिश वेल्डरांना मात्र त्याचं काही नव्हतं. दिवसभर जाळापाशी वेल्डिंग करून आलेल्या माणसाला पुन्हा भट्टीत जाऊन बसायची हौस कशी असेल? त्यांचा पुढारी लुद्विक म्हणून होता. गलेलठ्ठ, मिशाळ, स्वभावानं लोण्यासारखा. तो म्हणाला, "मालक, आम्ही आपले शॉवर घेऊ."

ताउनोला हा घराचा अपमान वाटला. एरवी दिवसाला वीस शब्द बोलणारा हा माणूस तीन महिने त्यांच्या मागे लागला. स्वतः लाकडं फोडली, तापलेल्या दगडांवर पाणी कसं मारायचं ते दाखवलं, बर्चच्या ओल्या फांद्यांनी लुद्विकच्या पाठीवर सपासप मारून दाखवलं. लुद्विक आधी ओरडला, मग हसला, मग बाहेर येऊन बर्फात लोळला. आणि पुढच्या बुधवारी पाचच्या ठोक्याला अकराच्या अकरा जण खांद्यावर पंचे टाकून हजर. नव्यानं बाटलेला माणूस जुन्यांपेक्षा कडवा निघतो, तसं झालं. ताउनोची छाती अभिमानानं फुगली.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पावर एक मोठा इंजिनिअर आला. त्याला चांगली खोली हवी होती आणि घरात चांगली खोली एकच उरली होती, ताउनो आणि हेल्वीची.

"एवढंच," हेल्वीनं विचारायच्या आधीच ताउनो म्हणाला.

"आणि आपण?"

"सॉनात. म्हणजे सॉनाच्या बाहेरची कपडे बदलायची खोली आहे ना, तिथं. उन्हाळ्यात झोपतोच की आपण कधी कधी."

"ताउनो, ऑक्टोबर आहे."

"नाताळापर्यंतच."

कुठला नाताळ, ते त्यानं सांगितलं नाही. हेल्वीनं तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांना जेवू घातलं होतं, हट्टी पोरांशी वाद घालून काही निघत नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं कॉफीचं यंत्र, रेडिओ आणि मांजर उचललं आणि अंगण ओलांडलं. दोन खाटा टाकल्यावर त्या खोलीत उभं राहायला एकाच माणसाची जागा उरली. एक जण कपडे घालताना दुसऱ्यानं झोपून राहायचं, असा नियम झाला.

पहिल्याच शनिवारी पाच वाजता दारावर थाप पडली. ताउनो आतल्या विजारीवर खाटेवर पडून शब्दकोडं सोडवत होता. दार उघडतो तो बाहेर अकरा माणसं, अकरा पंचे, आणि पुढे लुद्विक, हातात कराराची प्रत.

"मालक, पाळी," लुद्विक लाजत म्हणाला.

ताउनो त्या कागदाकडं बघत राहिला. अक्षर त्याचंच होतं.

"सांग ना त्यांना," हेल्वी खाटेवरून म्हणाली. "सांग, की इथं आता माणसं राहतात."

"करार म्हणजे करार," ताउनो म्हणाला, आणि गादी गुंडाळू लागला.

तेव्हापासून दर बुधवारी आणि शनिवारी तेच. पावणेपाचला ताउनो गाद्या, उशा आणि रेडिओ घसरगाडीवर घालून लाकडाच्या खोपटात नेऊन ठेवायचा. पाचला पोलिश सेना आत शिरायची. आठला ती लालबुंद होऊन बाहेर पडायची आणि मग त्या दमट, घामट, बर्चच्या पाल्याच्या वासाच्या खोलीत नवराबायको पुन्हा संसार मांडायचे. रात्रभर भिंती गरम राहायच्या, एवढाच काय तो फायदा. तीन तास ताउनो गाडीत बसून शब्दकोडं सोडवायचा. ओइवा कुंपणावरून विचारायचा, "काय रे, कुठं निघालास?" ताउनो काच वर करायचा.

हेल्वी मात्र गाडीत बसायची नाही. सगळे पोलिश सॉनात, इंजिनिअर रात्रीपर्यंत प्रकल्पावर, म्हणजे घर तीन तास रिकामं. हे पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं. ती सरळ आपल्या घरात जायची. अकरा माणसांनी वापरलेला आपला ओटा घासायची, दालचिनीचे पाव भाजायची आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर गप्प बसायची. पुढे पुढे लुद्विक जाताना तिच्यासाठी कॉफी करून झाकून ठेवू लागला. आपल्याच घरात आपण पाहुणी म्हणून येतो आणि एक परका माणूस आपला पाहुणचार करतो, हे पहिल्या दिवशी तिला गमतीचं वाटलं. दुसऱ्या हिवाळ्यात वाटेना.

मार्चमध्ये एकदा आठ वाजता ती परत आली, ओल्या भिंतीला पाठ लावून बसली आणि शांतपणे म्हणाली, "ताउनो, मला माझं घर हवंय."

"मिळेल की. अजून थोडं–"

"एप्रिलच्या तीस तारखेला चार दहाची बस आहे. त्या दिवशी मी एक तर माझ्या खोलीत पाठ टेकीन, नाहीतर तुर्कू शहरात बहिणीकडं. बहिणीकडं लिफ्ट आहे. आणि मी परत यायचं तिकीट काढणार नाही."

हेल्वी धमक्या देत नसे. चाळीस वर्षांत तिनं एकदाच दिली होती, सिगारेटची, आणि ताउनोला अजून धुराच्या वासानं भीती वाटायची.

नशिबानं म्हणा की दुर्दैवानं, त्याच सुमाराला प्रकल्प संपला. तो एक दिवस संपणार हे कागदावर पहिल्यापासून लिहिलेलं होतं. गावात ते सगळ्यांनी वाचलं होतं आणि कोणालाही खरं वाटलं नव्हतं. आधी पोर्तुगीज गेले, मग वायरमन, मग तो इंजिनिअर. एप्रिलच्या विसाव्या तारखेला लुद्विकची तुकडी निघाली. लुद्विकनं बर्चच्या वाळक्या फांद्यांची जुडी बॅगेत कोंबली, ताउनोला छातीशी घट्ट धरलं आणि हेल्वीच्या हाताचा मुका घेतला.

"बाई, आता तुम्ही आत जा," तो म्हणाला. "मी स्वयंपाकघर पुसून ठेवलंय."

घर रिकामं झालं. आता कोणीही शहाणा माणूस गादी उचलून आत गेला असता. पण ताउनोचं डोकं वेगळं चालायचं. आत गेलो आणि उद्या नवीन भाडेकरू आले, तर पुन्हा बाहेर यावं लागेल. मग दोनदा सामान कशाला हलवा? शिवाय एवढी पुंजी घातलेली, ती अशी वाऱ्यावर सोडायची? त्यानं किराणा दुकानातल्या फळ्यावर चिठ्ठी लावली. अकरा खोल्या भाड्यानं, सॉनाच्या पाळीसह. खाली टेलिफोन नंबरच्या पट्ट्या कापलेल्या, ज्याला हवी त्यानं फाडून न्यावी. फळ्यावर अशा सत्तेचाळीस चिठ्ठ्या होत्या, त्यात ओइवाचं खुराडंही होतं. ताउनो रोज सकाळी जाऊन आपल्या पट्ट्या मोजायचा. दहाच्या दहा.

एकोणतीस तारखेला नऊ होत्या.

तीस तारखेला साडेतीन वाजता हेल्वीनं निळा कोट घातला, टोपी घातली, मांजर पेटीत घातलं आणि पिशवी घेऊन घरासमोरच्या पायरीवर बसली. बसथांबा तिथून चाळीस पावलांवर. ताउनो तिच्यासमोर उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं आणि त्या दिवसाचे त्याचे वीस शब्द सकाळी दुकानातच संपले होते.

"मी हे आपल्यासाठीच केलं," तो शेवटी म्हणाला.

"मी काय मागितलं होतं?" हेल्वीनं विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

ताउनोनं आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं काहीच मागितलं नव्हतं. म्हणजे एकच गोष्ट मागितली होती, मार्चमध्ये.

चार वाजून पाच मिनिटांनी त्याच्या खिशातला फोन वाजला. पलीकडं एक तरतरीत आवाज होता. माणूस कुठल्याशा कंपनीचा, समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या होत्या. चौदा कामगार, तीन वर्षं, भाडं आगाऊ. किती, तेही त्यानं सांगितलं. ताउनोनं ते पुन्हा विचारलं आणि माणसानं पुन्हा सांगितलं.

ताउनोच्या तोंडाला पाणी सुटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अकरा कुलपं सार्थकी लागणार होती. ओइवाचं खुराडं रिकामं आणि ताउनोचं घर भरलेलं! त्यानं दाराकडं पाहिलं, मग हेल्वीकडं पाहिलं. फोनमधला आवाज एवढा मोठा होता, की तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं, पिशवीचा बंद हातात घेतला आणि उठली. उठताना तिनं गुडघ्यावर हात टेकला. सॉनाच्या ओलीनं तिचा तो गुडघा दोन हिवाळे दुखत होता. ताउनोला ते माहीत होतं. पण आपल्याला ते माहीत आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं आणि आपलीच मनस्वी लाज वाटली.

वळणावर बस दिसली.

"ऐकताय ना?" फोनमधला माणूस म्हणाला. "घर रिकामंच आहे ना?"

"नाही," ताउनो म्हणाला.

"पण चिठ्ठीवर तर लिहिलंय–"

"रिकामं नाही. इथं माणसं राहतात."

"किती?"

ताउनोनं हेल्वीच्या हातातली पिशवी धरली. तिनं सोडली नाही, त्यानंही सोडली नाही. बस थांब्यावर येऊन उभी राहिली, दार उघडलं.

"तसं अजून नक्की नाही," ताउनो फोनमध्ये म्हणाला. "एक तर आहेच. दोन व्हावीत म्हणून विनवणी चाललीय."

बसचा ड्रायव्हर थोडा वेळ थांबला, मग दार लावून निघून गेला. हेल्वीनं पिशवी ताउनोच्या हातात दिली, टोपी काढली आणि आत जाऊन त्या कापलेल्या खिडकीपाशी उभी राहिली.

"आधी ही भिंत," ती म्हणाली.

ताउनो पहार आणायला पळाला.